पेटीत माया नव्हती

आमच्या घरी संगणक आला तो २०१९ च्या गुढीपाडव्याला. बत्तीस वर्षे जालन्यातल्या पोरांना त्रैराशिक आणि भूमिती शिकवून मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. हाती चार पैसे आले होते आणि धाकटी कन्या बारावीच्या उंबरठ्यावर उभी होती. पुण्याचा भाचा फोनवरून सांगत होता, "मामा, सुटे भाग आणून मी जुळवून देतो. स्वस्तात पडेल आणि पुढेमागे त्यात भरही घालता येईल." पण 'जुळवून देतो' हे शब्द कानी आले की मला आमच्या वडिलांनी असाच जुळवून घेतलेला रेडिओ आठवतो. बातम्या संपल्या की त्याला कंठ फुटायचा! तेव्हा मी भाच्याला ठणकावले, की आपल्याला तयार, सीलबंद आणि नामांकित कंपनीचाच संगणक पाहिजे. उघडा, जोडा, ठोका ह्या भानगडी नकोत. औरंगाबादेस जाऊन (त्याचे छत्रपती संभाजीनगर झाले ते पुढे २०२३ मध्ये) मी एक काळी, सुबक, सडपातळ पेटी घेऊन आलो.

सौ.ने पेटीला हळदकुंकू वाहिले आणि तिच्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "फारच बेताची आहे हो!" ती घरी शिवणकाम करते. तयार कपड्यांविषयी तिचे मत पहिल्यापासून वाईट. शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतो, त्याला 'माया' म्हणतात. अंग भरले की तेवढे उसवून सदरा सैल करता येतो. तयार सदऱ्यात कारखानदार ही माया ठेवीत नाही. लग्नापासून ती मला हे सांगत आली आहे. संगणकालाही हे शास्त्र लागू पडते, हे कळायला मात्र मला पाच वर्षे आणि काही हजार रुपये लागले.

पाच वर्षे त्या पेटीने इमानेइतबारे चाकरी केली. २०२० साली करोनाने सगळ्यांना घरात कोंडले तेव्हा कन्येचे वर्ग हिच्यापुढे भरले. वास्तुकलेच्या प्रवेशाचे अर्ज हिच्यावरूनच गेले. माझी पेन्शनची कागदपत्रे, सौ.च्या भिशीचा हिशेब, भाचीच्या लग्नाची यादी, सगळे हिच्या पोटात. एकदाही तिने कुरकुर केली नाही. तक्रार सुरू झाली ती २०२४ च्या नवरात्रात.

कन्या तेव्हा वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाला होती. रोज सकाळच्या गाडीने संभाजीनगरला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठा प्रकल्प करायचा असतो. कोणी विमानतळ घेतो, कोणी संग्रहालय. हिने घेतला जालन्याच्या मोसंबीचा बाजार: लिलावाचे छप्पर, निवडाईची जागा, शीतगृह, रात्री मुक्कामाला राहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी चार खोल्या. ह्यामागे कारण होते. सौ.चे माहेर अंबड तालुक्यातले. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, हे वाचकांना आठवत असेल. सासरेबुवांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवायचा प्रयत्न केला, पैसा संपला तेव्हा कुऱ्हाड चालवली. कन्या तेव्हा अकरा वर्षांची. आजोबा तोडलेल्या खोडांवर बसून राहिलेले तिने पाहिले होते. ती त्याविषयी बोलत नाही, पण प्रकल्प कोणता घेणार असे विचारले तेव्हा क्षणभरही न थांबता तिने मोसंबीचे नाव घेतले.

घटस्थापनेच्या रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर ही संगणकापुढे गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली.

"झोपली नाहीस?"

"चित्र शिजतंय, बाबा."

पडद्यावर छपराचा एक कोपरा दिसत होता, बाकी सगळे धुरकट. ब्लेंडर नावाची एक प्रणाली आहे. ती फुकट मिळते आणि चोख काम करते. तिच्यात इमारत रचायची, सूर्य कुठे आहे ते सांगायचे, आणि मग तो प्रकाश भिंतीवर कसा पडेल, जमिनीवरून कसा उसळेल, ह्याचा हिशेब यंत्राने करायचा. ह्याला ही मुले 'रेंडर' म्हणतात. आमच्या पेटीला असे एक चित्र शिजवायला नऊ तास लागत होते, आणि प्रकल्पाला अशी वीस-बावीस चित्रे हवी होती.

सकाळी चित्र पुरे झाले. सौ.ने देवाला नैवेद्य दाखवून ते पाहिले. म्हणाली, "छान आहे ग. पण निवडाईला बायका बसतात त्या ह्या बाजूला ना? दुपारी चारला पश्चिमेचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येईल."

"आता नाही बदलता येणार, आई," कन्या एकदम तुटकपणे म्हणाली. "नऊ तास लागतात एकाला."

सौ. गप्प राहिली. ती ज्या बायकांविषयी बोलत होती त्यांत एके काळी तिची आईही होती. मलाही गप्प राहवले नाही आणि बोलताही आले नाही. मी उठून भाच्याला फोन लावला.

भाच्याने निदान एका वाक्यात केले. "मामा, तुमच्या पेटीत ग्राफिक्स कार्ड नाही. ते एक बसवा, नव्या संगणकाचा खर्च वाचेल."

हे कार्ड म्हणजे काय, ते मी माझ्या मास्तरी पद्धतीने समजून घेतले. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाशाचे अडीचशे किरण सोडून पाहायचे म्हटले, तर ५१ कोटी ८४ लाख किरण झाले, आणि प्रत्येक किरण भिंतीवर आपटून पुन्हा उसळणार तो वेगळाच. संगणकाचा मुख्य मेंदू, म्हणजे प्रोसेसर, हा मोठा विद्वान. आमच्या पेटीतल्या प्रोसेसरात असे सहा शास्त्रीबुवा बसलेले आहेत. कठीण प्रमेय टाका, ते चुटकीसरशी सोडवतील. पण इथे प्रमेय नाही. इथे एकच सोपे गणित कोट्यवधी वेळा करायचे आहे. त्याला शास्त्रीबुवा कशाला? त्याला पाढे पाठ असलेली शाळाभर मुले पाहिजेत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती शाळा. आम्ही शेवटी जे घेतले त्यात २३०४ मुले आहेत. एकेकटा फार हुशार नाही, पण सगळे एका सुरात पाढे म्हणतात.

मौज अशी, की ही शाळा काढली गेली ती खेळांसाठी. एनव्हिडिया ही अमेरिकन कंपनी १९९३ साली निघाली, तिच्या संस्थापकांच्या बैठका रस्त्याकडेच्या एका खाणावळीत होत असत. १९९९ मध्ये तिने जे कार्ड काढले त्याला 'जीपीयू' हे नाव देऊन गाजवले. पोरे त्यावर मोटारी पळवायची आणि बंदुका उडवायची, आणि आईबाप कपाळाला हात लावायचे. पुढे २०१२ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने असली दोन खेळाची कार्डे घेऊन, आईवडिलांच्या घरात स्वतःच्या निजायच्या खोलीत, यंत्राला लाखो चित्रे ओळखायला शिकवले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गाजावाजा आहे तिची एक पहाट त्या खोलीत झाली. आपल्या पुण्यात सी-डॅकने २०२० मध्ये उभारलेला 'परम सिद्धी' महासंगणकही ह्याच कुळातल्या, पण कितीतरी थोरल्या, जीपीयूंच्या बळावर चालतो. तेव्हा 'कार्ड म्हणजे पोरखेळ' असे म्हणायची सोय उरलेली नाही. मी पूर्वी तसे म्हणत असे, हे कबूल करतो.

असो. भाचा उत्साही. त्याने मला विचारून घेण्याआधीच जीटीएक्स १६५० जातीचे, दोन पंख्यांचे, एक दणदणीत कार्ड पाठवून दिले. अष्टमीच्या दिवशी पार्सल आले. मी स्नान करून, चष्मा पुसून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. पाच वर्षांत प्रथमच पेटीचे झाकण काढले आणि आत पाहतो तो काय! पंख्याला धुळीची गोधडी लागलेली. जालन्यात धुळीला तोटा नाही. त्यात कापसाचे तंतू मिसळले की ती नुसती धूळ राहत नाही, तिचा वळलेला पेळू होतो. आधी तो अर्धा तास ब्रशाने काढला. (हे काम प्रत्येकाने वर्षातून एकदा, वीज बंद करून, करावे. निम्मे संगणक म्हातारे झालेले नसतात, गुदमरलेले असतात.)

मग कार्ड उचलले. ज्या खाचेत ते बसवायचे ती लांबलचक खाच भाच्याने सांगितल्याप्रमाणे सापडली. कार्ड खाचेत बसले, पण त्याची पत्र्याची पट्टी पेटीच्या काठाच्या चांगली चार-पाच सेंटिमीटर वर. झाकण लागेना. शिवाय कार्डाच्या माथ्यावर सहा पिनांचे एक वेगळे भोक होते, त्याला स्वतंत्र वीज हवी. पेटीत त्या जातीची तारच नव्हती. मी पेटी उलटी केली, सुलटी केली, प्रत्येक तारेचा उगम शोधला. सौ. दारात उभी होती. म्हणाली, "जावई आला, पण दार बुटकं निघालं."

कन्या काहीच बोलली नाही. तिने कार्ड पुन्हा मऊ कागदात गुंडाळले, पेटीचे झाकण लावले आणि रात्रीसाठी पुढचे चित्र शिजत टाकले. दोन दिवसांनी मला तिच्या वहीत प्रकल्पाचा एक नवा, छोटा आराखडा दिसला. शीतगृह गाळलेले, मुक्कामाच्या खोल्या गाळलेल्या. बावीस चित्रांऐवजी नऊ. तो आराखडा पाहिला आणि मला त्या पेटीचा, म्हणजे खरे तर माझाच, राग आला.

कार्ड परत गेले. दुकानदाराने आठशे रुपये कापून घेतले, त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मग मी पेटी पिशवीत घालून कुंडलिका ओलांडली आणि कादराबादेत मामूंकडे गेलो.

मामूंना सगळे मामूच म्हणतात. आज ते संगणक दुरुस्त करतात, पण त्याआधी वीस वर्षे त्यांनी एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्यात विजेच्या पॅनेलांवर काढली. जालन्याचे पोलाद ठाऊक असलेल्यांना सांगायला नको, की भंगार वितळवणाऱ्या त्या भट्ट्यांच्या पुढे आमच्या पेटीची वीज म्हणजे काजवा. पण विजेला मान द्यावा लागतो, मग ती काजव्याची असो, हे मामूंचे तत्त्व. माझी सगळी कहाणी ऐकून ते म्हणाले, "सर, तुम्ही पावण्याचं कौतुक करू लागले. घर बघितलं का आधी?"

मग त्यांनी घर दाखवले. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळू शकते. तेवढ्यात भागणारी कार्डे असतात. त्याहून भुकेल्या कार्डांना माथ्यावर वेगळी तार लागते: सहा पिनांची आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५०. वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, आमच्या पेटीत २१० वॉटचा. त्याच्या कुशीवरच्या चिठ्ठीवर तसे छापलेले आहे. "मग मोठा बसवू," मी म्हणालो. मामू हसले. बाजारात मिळणाऱ्या डब्याचे मुख्य तोंड २४ पिनांचे असते. आमच्या कंपनीने स्वतःचे वेगळेच छोटे तोंड केलेले, आणि डब्याचा आकारही वेगळा. बाहेरचा डबा आत जाणार नाही आणि गेला तरी जुळणार नाही. मदरबोर्ड दुसऱ्या पेटीत हलवावा, तर त्याची स्क्रूची भोकेही आपल्याच मापाची.

मला सौ.ची माया आठवली. तयार पेटीत सगळे कसे अगदी बेतून कापलेले!

मात्र कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही, असे मला आता वाटते. ही पेटी बँकेच्या किंवा कचेरीच्या टेबलासाठी केलेली. तिथे शंभर पेट्या ओळीने ठेवायच्या, त्यांनी जागा कमी खावी, वीज कमी खावी, आणि पाच वर्षे पत्रे टंकावीत. ते तिने चोख केलेच की. लाखो पेट्या काढणारा कारखानदार प्रत्येकीतून एक मूठ पत्रा आणि पन्नास वॉट वाचवणार, त्यात नवल काय? चूक माझी. 'तयार' ह्या शब्दाचा अर्थ मी 'सर्वाला तयार' असा घेतला होता.

मामूंनी कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. कार्ड बुटके पाहिजे, ज्याला दुकानदार 'लो प्रोफाइल' म्हणतात. माथ्यावर वेगळ्या तारेची मागणी नको. खोक्यात आखूड पट्टी आहे की नाही हे दुकानातच उघडून पाहायचे. आणि जाडी मोजून घ्यायची, कारण पुष्कळशी कार्डे दोन खाचांची जागा अडवतात. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेले आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीचे, ७० वॉटमध्ये भागवते आणि त्याची बुटकी आवृत्ती निघते, एवढे त्यांनी सांगितले. "सहाचंच. आठचं नाव तेच हाय, पण भूक डबल समजा. नावावर जाऊ नका," हे दोनदा बजावले.

घरी येऊन मी बेरीज मांडली. प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी सगळे मिळून ४०. एकूण १७५. डबा २१० चा. हातचे उरतात ३५. पण कार्डवाल्याची शिफारस होती ३०० वॉटच्या डब्याची! मी रात्रभर तळमळलो. सकाळी पुन्हा मामूंकडे. त्यांनी एक छोटे मोजयंत्र भिंतीतल्या बटणात खोचले, त्यात आमच्या पेटीची पिन लावली आणि कन्येचे चित्र शिजत टाकायला सांगितले. आकडा ८८ च्या आसपास फिरू लागला. चित्र थांबवले, तर तिशीवर आला.

"सर, चित्र कार्ड काढणार ना? मग प्रोसेसर बसून राहणार. दोघं एकदम जेवायला बसत नाहीत. तुम्ही दोघांचं ताट वाढून बेरीज केली."

बत्तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले. बेरीज बरोबर होती, उदाहरण चुकीचे मांडले होते. तीनशेची शिफारस का, तर कोणाच्या पेटीत काय काय भरलेले आहे हे कार्डवाल्याला ठाऊक नसते, म्हणून तो सढळ हाताने सांगतो. तरीही मामूंनी आमच्या डब्याचा पंखा काढून साफ केला, तेल दिले, आणि उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेला म्हणजे, पेटी भिंतीला चिकटवून ठेवायची नाही अशी अट घातली. डबा आणखी जुना किंवा आणखी लहान असता तर आपण हात लावला नसता, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आता माप. आदल्या फजितीमुळे कोणाच्या शब्दावर विसंबायची माझी तयारी नव्हती. तेव्हा सौ. पुढे आली. तिने शिवणाची टेप काढली, पेटीच्या आतली जागा लांबी, उंची, जाडी अशी मोजली, आणि लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून, चिकटवून, कार्डाचा एक पुठ्ठ्याचा नमुना तयार केला. ब्लाऊजचा बेतते तसा. तो पेटीत घातला, झाकण लावून पाहिले. लागले. "ह्याच्यापेक्षा सुतभर मोठं आणू नका," ती म्हणाली.

तो नमुना पिशवीत घालून मी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार. एकेका गाळ्यात चार चार माणसे आणि छतापर्यंत खोकी. पांढरे केस पाहून पहिल्या दुकानदाराने विचारले, "नातवाला गेम खेळायला का, काका?" दुसऱ्याने बुटके कार्ड म्हणताच मान हलवली आणि मोठे दाखवू लागला. तिसऱ्याकडे ते होते. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. दुकानातली मुले खोखो हसली. पण दुकानदार वयस्क होता. त्याने न हसता कार्ड बाहेर काढले आणि पुठ्ठ्यावर ठेवले. चारी बाजूंनी पुठ्ठा किंचित बाहेर दिसत होता. आखूड पट्टी खोक्यात होती. किंमत अठरा हजारांच्या आतबाहेर, त्यात अठरा टक्के जीएसटी आलाच. ज्या वर्षी आभासी नाणी खणणाऱ्यांनी जगभरची कार्डे पळवली होती, त्या २०२१ मध्ये येता तर रिकाम्या हाताने परत गेला असता, असे तो म्हणाला. २०२२ च्या सप्टेंबरात त्यातल्या एका मोठ्या नाण्याने, इथेरियमने, ही खणण्याची पद्धतच सोडून दिली तेव्हा कुठे बाजार निवळला. पैसे देताना त्याने तो पुठ्ठा मागून घेतला. "पोरांना दाखवायला ठेवतो," म्हणाला. मी दिला. सौ.ला अजून सांगितलेले नाही, कारण तो कोणाच्या पत्रिकेचा होता ते तिला आठवते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामू घरी आले. पेटीची पिन भिंतीतून काढली, चालू करायचे बटण एकदा दाबून आत उरलीसुरली वीज घालवली, आणि मामूंनी आधी पेटीच्या पत्र्याला हात लावला. पावसाळा सरला की हवा कोरडी होते, अंगात साठलेली वीज नुसत्या स्पर्शाने नाजूक भाग जाळू शकते. मग लांब पट्टी काढून आखूड लावली, कार्ड खाचेवर धरले आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबले. टक् असा आवाज झाला. एक स्क्रू आवळला. झाकण लागले! सौ.ने चहा ठेवला. मी मोठ्या रुबाबात मागच्या सगळ्या तारा स्वतः जोडल्या आणि बटण दाबले.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळाच. अठरा हजार, मुंबईची जाग्रणे, कापलेले आठशे, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. कन्येने माझ्याकडे पाहिले नाही, ह्याचेच मला जास्त लागले. मामूंनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, पेटीच्या पाठीमागे हात घातला, पडद्याची तार जुन्या भोकातून उपटली आणि नव्या कार्डाच्या भोकात खोचली. पडदा उजळला. "मेहमान नव्या खोलीत उतरला, सर. तुम्ही जुन्या दारावर वाट बघू लागले."

तरी गाडे लगेच सुरळीत झाले असे नाही. त्या रात्री कन्येने चित्र शिजत टाकले, तर ते पूर्वीच्याच गोगलगाईच्या चालीने. पुन्हा सगळ्यांची तोंडे उतरली. पहाटे तिला उमगले, की कार्ड बसवले, त्याची प्रणाली घातली, तरी ब्लेंडरच्या मांडणीत जाऊन 'आता हिशेब कार्डाकडून करून घे' अशी खूण करावी लागते. नाही तर तो बिचारा शास्त्रीबुवांनाच राबवत राहतो आणि २३०४ मुले बाकांवर रिकामी बसतात. तिने खूण केली. मामूंचे मोजयंत्र आम्ही मागून ठेवले होते. आकडा सव्वाशेच्या आसपास जाऊन थांबला. मी खुर्ची ओढून समोर बसलो. नऊ तासांचे चित्र पाऊण तासात झाले.

वसुबारसेच्या दुपारी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो आणि स्वयंपाकघरात चकल्या चालल्या होत्या. आतून कन्येचा आवाज आला.

"आई, जरा ये ना. मागे तू उन्हाचं काय म्हणत होतीस?"

सौ. हाताला भाजणी तशीच घेऊन आली. पडद्याला हात लागू नये म्हणून कोपराने दाखवू लागली, बायका कुठे बसतात, पाट्या कुठून येतात, चारला ऊन कुठे पोचते. कन्येने छप्पर चार फूट पुढे ओढले, पश्चिमेला जाळीची भिंत घातली, आणि चित्र शिजत टाकले. पाऊण तास. मग सौ. म्हणाली, भिंत नको, झाडे लाव. झाडे लावली. पुन्हा पाऊण तास. शीतगृह परत आले होते, मुक्कामाच्या खोल्याही आल्या होत्या, हे मी मागे उभा राहून पाहिले.

"आणि मोसंबी एवढी पिवळी कशाला केलीस? ही तर लिंबं वाटताहेत. आपली हिरवी असते. देठापाशी थोडी फिकट."

"अशी?"

"अजून थोडी."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येऊ लागला होता. दोघींपैकी एकही उठली नाही, म्हणून मीच जाऊन गॅस बंद केला.